दुपारी साडेचार ते सात बंद राहील

ताई,

वय ३८, कोथरूडला राहतो, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. २०२० च्या मार्चमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो तो घरीच आहे. कंपनीचं ऑफिस हिंजवडीत आहे, पण माझी टीम हैदराबाद, नोएडा आणि अमेरिकेत विखुरलेली, त्यामुळे मला तिथं जायची सक्ती नाही. सुरुवातीला लॉटरी लागल्यासारखं वाटलं. जायचा सव्वा तास, यायचा सव्वा तास वाचला. आता सकाळी नऊला बसतो तो रात्री साडेनऊला अमेरिकेचा कॉल संपेपर्यंत खुर्चीत असतो, आणि तरी ऑफिसात आठ तासांत व्हायचं तेवढं काम होत नाही. सारखी बेल वाजते. बिल्डिंगमध्ये दिवसा हमखास घरी असणारा मीच, म्हणून अकरा फ्लॅटची पार्सलं माझ्याकडे येतात. सिलिंडर, प्लंबर, टँकर आला का, सगळं मला विचारतात. बायको शिक्षिका आहे, सकाळची शाळा. जाताना कुकर लावायला सांगून जाते. मुलगी पाचवीत. वडील आमच्याकडेच असतात, वय ७४, त्यांचा काही त्रास नाही.

यंदा अप्रेझलमध्ये ‘व्हिजिबिलिटी कमी पडते’ असा शेरा मिळाला. गेल्या आठवड्यात भाजी आणायला उतरलो आणि भाजीवाल्याशी वीस मिनिटं बोलत उभा राहिलो. शेवटी तो म्हणाला, “साहेब, गिऱ्हाईक थांबलंय.” त्या रात्री झोप लागली नाही. तशी रोजच झोपायला दीड-दोन होतात. बायको म्हणते, दिवसभर घरात असतोस, तुला कसला एकटेपणा? को-वर्किंगमध्ये जागा घेऊ का? महिना सहा-सात हजार सांगतात. की नोकरीच बदलू?

— बिल्डिंगचा पार्सलवाला, कोथरूड

*

पार्सलवाले, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा भाजीवाल्यापाशी थांबले, दुसऱ्यांदा वडिलांपाशी. वडिलांकडे शेवटी येते.

आधी माझी लायकी सांगते, म्हणजे सल्ला कुठून येतोय ते कळेल. मी भाषांतरं करते. पंपांची माहितीपत्रकं, बँकांचे अर्ज, औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेली ती बारीक अक्षरांची चिठ्ठी. नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, गेली २९ वर्षं, घरातून. ‘वर्क फ्रॉम होम’ हे शब्द सगळ्यांच्या तोंडी येण्याच्या कितीतरी आधीपासून “घरीच असता ना?” हे वाक्य मी ऐकते आहे. त्यातल्या त्या ‘च’नं माझी जेवढी कामं बुडवली, तेवढी वीज जाण्यानं बुडाली नसतील.

पहिली चार वर्षं मी जेवणाच्या टेबलावर बसायची. एकदा एका गोळीच्या चिठ्ठीत ‘जेवणानंतर’च्या जागी ‘जेवणाआधी’ पडलं, कारण वाक्याच्या ऐन मध्यावर शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या. प्रूफ वाचणाऱ्यानं ते पकडलं म्हणून निभावलं. मी काकूंवर आठवडाभर धुसफुसले. मग लक्षात आलं की बिचाऱ्यांना कळणार तरी कसं? मी गाऊनमध्ये, समोर चहाचा कप, कडेला निवडायची मेथी. मी कामावर आहे असं दाखवणारी एकही खूण मी त्या घरात ठेवलेली नव्हती.

ऑफिसात ही खूण आपोआप मिळते. तुम्ही कोथरूडहून हेल्मेट चढवून निघायचात, चांदणी चौकातून हायवेला लागून बावधन, बाणेर मागे टाकत वाकडपर्यंत पोचायचात. त्या सव्वा तासाला शिव्या घातल्या असतील, आणि रास्त घातल्या असतील. पण त्या सव्वा तासात घरातला माणूस उतरायचा आणि ऑफिसातला चढायचा. परत येताना उलट. घरच्यांनाही गाडीच्या स्टँडचा आवाज आला की कळायचं, आला. आता तुम्ही येतही नाही आणि जातही नाही. बायकोच्या दृष्टीनं तुम्ही दिवसभर घरी आहात, मॅनेजरच्या दृष्टीनं दिवसभर कुठे आहात कोण जाणे, आणि तुमच्या स्वतःच्या दृष्टीनं दिवसभर कामावर. तिघांचा हिशेब वेगळा लागतो, त्यातून ही कटकट.

पुण्यातल्या दुकानांच्या दुपारी एक ते चार बंदचा उभ्या महाराष्ट्रानं विनोद करून झाला. मीही हसले आहे. पण तुमच्या पत्राचं उत्तर त्या पाटीत आहे असं मला मनापासून वाटतं. दुपारी झोपणारा दुकानदार आळशी म्हणा हवं तर, पण तो अर्धं शटर वर ठेवून बसत नाही. उघडं म्हणजे उघडं, बंद म्हणजे बंद, आणि दोन्हीच्या वेळा दारावर लिहिलेल्या. गिऱ्हाईक एकदा वैतागतं, दुसऱ्यांदा घड्याळ बघून येतं. तुम्ही मात्र साडेबारा तास शटर अर्ध्यावर ठेवून बसला आहात. त्यात धंदा होत नाही आणि झोपही होत नाही.

तुमचा अमेरिकेचा कॉल रात्री साडेनऊला संपतो, म्हणजे तो सातच्या सुमाराला सुरू होत असणार. हे बदलणं तुमच्या हातात नाही. मग सकाळची बाजू का ताणता? नऊ ते एक काम. जेवण. दोन ते साडेचार काम. साडेचारला लॅपटॉप मिटायचा. ‘स्लीप’वर टाकायचा असं म्हणत नाही मी; मिटून कपाटात ठेवायचा. सातला पुन्हा दुकान उघडायचं, साडेनऊला बंद. बेरीज करा, नऊ तास होतात. ऑफिसातल्या आठ तासांहून एक जास्तच. मॅनेजरला एकदा लेखी कळवा की तुमची वेळ ही अशी आहे, आणि कॅलेंडरवर साडेचार ते सात चौकट भरून टाका. विचारून परवानगी घेऊ नका, कळवा. ‘मी या वेळात उपलब्ध आहे’ असं लिहिलं की लोक सहसा वाद घालत नाहीत. ‘मला या वेळात सुट्टी मिळेल का’ असं लिहिलं की घालतात. कामाच्या वेळेनंतर फोन न घेण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तशा अर्थाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. खासगी विधेयकांचं आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा कायद्याची वाट बघू नका, चौकट भरा.

सकाळी नऊच्या आधी पायांत बूट घालून घराबाहेर पडायचं. वीस मिनिटं चालायचं आणि परत येऊन खुर्चीत बसायचं. हा तुमचा नवा हिंजवडीचा रस्ता. कोथरूडला म्हातोबाची टेकडी आहे, पौड रस्त्याकडून वेताळ टेकडी चढता येते, जे जवळ पडेल ते. संध्याकाळी साडेचारला दुकान बंद केलं की पुन्हा एक फेरी. पहिला आठवडा वेड्यासारखं वाटेल. मलाही वाटलं होतं; मी चपला घालून जिना उतरायची, ओंकारेश्वरापर्यंत जायची आणि ‘ऑफिसला’ म्हणून परत तोच जिना चढायची. वाड्यातल्या एका आजोबांनी विचारलंही, काही विसरलात का?

आता बेल. पार्सलं घ्यायला लागलात तेव्हा तुम्ही चांगुलपणा केलात, आणि चांगुलपणाची सवय झाली की लोक त्याला सोय म्हणतात. एकेकाला तोंडावर नाही म्हणणं जड जाईल. पुण्यात राहताय, पाटी लावा. पाटीचा फायदा असा की ती कुणा एकाला बोलत नाही. मजकूर मी सुचवते:

‘येथील इसम घरी दिसला तरी कामावर आहे. पार्सल सायंकाळी ५ ते ६ या वेळात मिळतील. इतर वेळी बेल वाजवून स्वतःची व त्याची निराशा करू नये.’

पार्सल मिळतील असं का लिहिलंय आणि देणार कोण, तेही पुढे सांगते.

कुकरबद्दल मात्र मी तुमच्या बाजूची नाही. तुम्ही कुकर प्लंबरच्या आणि टँकरच्या ओळीत बसवलात. घरात चार माणसं जेवतात, त्यातला एक कुकर तुमच्या वाट्याला आला तर तो व्यत्यय कसा? तो तुमचा वाटा. फक्त तो अकरा-चाळीसला, टेस्ट चालू असताना लावू नका. तांदूळ सकाळी धुऊन ठेवा, एक वाजता दुकान बंद केलं की शिट्ट्या काढा. बायकोनं सांगितलेली कामं आणि बिल्डिंगनं लादलेली कामं एका टोपलीत टाकू नका, हिशेब चुकतो.

याच ओघात एक गोष्ट सांगावीशी वाटते. घरून काम हे आपल्याकडे संगणकाबरोबर आलं असं तुमच्या पिढीला वाटतं. विडी कामगार बायका, शिवणकाम करणाऱ्या, उदबत्त्या वळणाऱ्या घरूनच काम करत होत्या, त्यांना कुणी त्यासाठी इंग्रजी नाव दिलं नाही एवढंच. लिज्जत पापड घ्या. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केलं. पापड लाटले जातात ते बायकांच्या घरी, पण पद्धत नीट बघा. बाई सकाळी केंद्रावर जाते. आदल्या दिवशी लाटलेले पापड देते. ते तपासले जातात, वजन होतं, मजुरी मिळते. मळलेलं पीठ घेऊन ती घरी येते. आमच्या वाड्यात एक वहिनी हे काम करायच्या. त्या सकाळी निघाल्या की कुणी त्यांना ‘घरीच असता ना’ म्हणत नसे, कारण हातात डबा असायचा. आणि केंद्रावरच्या रांगेत त्यांना सगळ्या पेठांच्या बातम्या कळायच्या. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या नवऱ्याची नोकरी सुटली, कुठल्या शाळेत प्रवेश मिळतोय. पीठ मळून मिळतं म्हणून त्या जात होत्या हे खरं, पण एखाद्या दिवशी केंद्र बंद असलं की त्या चिडचिड करायच्या ती काही पिठासाठी नसायची.

पार्सलवाले, तुमच्याकडे पीठ आहे, पापडही लाटून होतात, पण केंद्र नाही.

अप्रेझलचा शेरा तिथूनच आला. तो तुमच्या मनाचा खेळ समजू नका. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम यांनी २०१०-११ मध्ये चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने एक प्रयोग केला. अडीचशेच्या आसपास माणसं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले, एक गट आठवड्यातले चार दिवस घरून, दुसरा ऑफिसात. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. वाढ बरीचशी कुठून आली, तर ती माणसं मधे कमी उठली आणि आजारपणाच्या रजा कमी घेतल्या. म्हणजे खुर्चीत जास्त वेळ बसली. ओळखीचं वाटतंय ना? पुढचं ऐका. सारखंच काम करूनही घरच्या गटाला बढती मिळण्याचं प्रमाण कमी पडलं. आणि प्रयोग संपल्यावर ‘आता तुम्ही ठरवा’ म्हटलं तेव्हा घरून काम करणाऱ्यांतले निम्म्याच्या आसपास लोक ऑफिसात परतले. मुख्य कारण एकटेपणा. त्यांच्या घरी स्वतंत्र खोली असणं ही तर प्रयोगात भाग घ्यायची अटच होती, म्हणजे जागेची अडचण नव्हती. याच कंपनीत पुढे १,६१२ जणांवर दुसरा प्रयोग झाला, तो २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आला. त्यात आठवड्यात दोनच दिवस घरून. तिथं नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं आणि बढत्यांवर काही परिणाम दिसला नाही. बायकोला हा परिच्छेद वाचून दाखवायला हरकत नाही. ‘दिवसभर घरात असतोस, तुला कसला एकटेपणा’ याचं उत्तर त्यात आहे.

व्हिजिबिलिटीसाठी लोक भलते उपाय करतात. ‘ऑनलाइन’ दाखवणारा हिरवा ठिपका पेटता ठेवण्यासाठी संगणकाचा उंदीर हलवत बसतात, प्रत्येक निरोपाला अंगठा दाखवतात, मीटिंगमध्ये उगाच एक प्रश्न विचारतात. हे करू नका, त्यात दिवस जातो. तुमची अडचण मुळात तुमच्या कामातच आहे. टेस्टिंग म्हणजे काय, तर जी चूक ग्राहकापर्यंत गेली नाही ती. न घडलेली गोष्ट दिसणार कशी? भाषांतराचंही तेच, बरं झालं की कुणाला कळतही नाही की हे भाषांतर आहे, आणि एक शब्द चुकला की कंपनीच्या संचालकांपर्यंत फोन जातात. म्हणून न घडलेलं लिहून ठेवावं लागतं. शुक्रवारी दुपारी चारला, दुकान बंद करायच्या आधी, मॅनेजरला पाच ओळी लिहा. या आठवड्यात काय तपासून झालं. काय अडकलंय आणि कुणाकडे. आणि एक ओळ अशी: ‘पेमेंटच्या पानावर एक ऑर्डर दोनदा लागत होती, मंगळवारी पकडली, बुधवारी दुरुस्त झाली.’ पाचच ओळी. सहावी लिहिलीत की तो वाचणार नाही. हे तुमचं पापड तोलून देणं. पुढच्या अप्रेझलला पन्नासेक शुक्रवार हातात असतील, मग बघू कोण काय शेरा मारतं.

तोलणाऱ्याशी ओळख हवी, ती मेलवर होत नाही. कंपन्या हल्ली ऑनलाइन चहापान ठेवतात. वीस चौकटींत वीस माणसं कप हातात धरून एकमेकांकडे बघतात आणि एचआरचा माणूस अंताक्षरी सुचवतो. माझ्या मते हा चहाचा अपमान आहे. त्यापेक्षा हैदराबादच्या एखाद्या सहकाऱ्याला कॅमेरा न लावता साधा फोन करा, चालता चालता. विषय कामाचाच ठेवा, गप्पा आपोआप येतात. “हा बग माझ्याकडे येतोय, तुझ्याकडे येतो का बघतोस?” एवढं पुरतं. मदत मागितली की माणूस जवळ येतो. आपण पुणेकर इथंच कमी पडतो, आपल्याला मदत करायला आवडते पण मागायची म्हणजे कमीपणा वाटतो. आठवड्यातून दोन फोन. एकावर चिकटून राहू नका.

आणि महिन्यातून दोनदा हिंजवडीला जा. टीम तिथं नाही हे लक्षात आहे माझ्या. टीमसाठी नकाच जाऊ. कॅन्टीनमध्ये जेवा, बाहेरच्या टपरीवर चहा घ्या, दुसऱ्या प्रोजेक्टमधल्या जुन्या ओळखीच्यांना भेटा. कोणती टीम बंद होतेय आणि कुठे जागा निघतेय हे मेलवर येण्याच्या आधी टपरीवर येतं. वार गुरुवार धरा. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी किंवा वीज बंद ठेवायची तर बहुतेक गुरुवारच गाठतात, म्हणजे तसाही घरी बसून तुमचा यूपीएसच्या टूँ-टूँवर दिवस जाणार. माझा गुरुवार मी अनेक वर्षं नगर वाचन मंदिरात घालवते. १८४८ सालची संस्था आहे, तिथं माझ्या कामाची निकड कुणालाच वाटत नाही, मोठं बरं वाटतं.

को-वर्किंगचे सहा-सात हजार आत्ता खर्च करू नका. रात्रीचे कॉल तुम्ही घरूनच घेणार, म्हणजे जागेचा निम्माच उपयोग. शिवाय तिथं माणसं असतात, पण कानांत बोंडं घालून. मी एकदा मोठ्या कामासाठी तीन महिने पेठेतल्या अभ्यासिकेत टेबल घेतलं होतं, स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या मधे. काम उत्तम झालं. त्या तीन महिन्यांत अभ्यासिकेत मी एक शब्द बोलले नाही, आणि तिथल्या निम्म्या मुलांची गावं मला खालच्या चहाच्या गाडीवर कळली. तुम्हाला हवी आहे ती चहाची गाडी, आणि तिला महिना सात हजार पडत नाहीत. फारच वाटलं तर एखाद्या दिवसाचा पास घेऊन बघा. नोकरीचा निर्णय तीन महिने पुढे ढकला. आत्ता बदललीत तर नवी नोकरीही त्याच खुर्चीत, त्याच बेलखाली कराल.

आता झोप. साडेनऊला कॉल, दहाला जेवण, मग अंथरुणात मोबाईल, मग दीड वाजतो यात आश्चर्य काय? मुलीबरोबर सातच्या आधीच जेवून घ्या, रात्री हवं तर दूध-पोळी. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवून पडदा डोळ्यांच्या रेषेत आणा आणि कीबोर्ड वेगळा घ्या. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या कशाकडे तरी वीस सेकंद बघा. एवढं करून पंधरा दिवसांतही झोप सुधारली नाही, जेवण जाईनासं झालं किंवा कशातच मन लागेना झालं, तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. भाजीवाल्याशी वीस मिनिटं बोलू शकता, तर तिथंही बोलता येईल.

बायकोबद्दल एकच. ती चाळीस पोरांपुढे सकाळभर बोलून घरी येते. तिला शांतता हवी असते आणि तुम्ही सकाळपासून गप्प बसून तुंबलेले असता. ती दारात पाऊल टाकते आणि तुम्ही सुरू होता, हो की नाही? तिला अर्धा तास द्या. साडेचारला दुकान बंद होणारच आहे, तेव्हा तिला घेऊन टेकडीवर जा. एकाच दिशेनं चालताना नवरा-बायकोत बरं बोलणं होतं, समोरासमोर बसलं की घरखर्च निघतो.

आता वडील. ‘वडील आमच्याकडेच असतात, वय ७४, त्यांचा काही त्रास नाही.’ तुमच्या एवढ्या लांब पत्रात त्यांना एक वाक्य मिळालं, आणि त्यात त्यांचं कौतुक काय तर ते त्रास देत नाहीत. मला ते वाक्य टोचलं, माफ करा. कारण मी ६३ वर्षांची आहे आणि म्हातारी माणसं त्रास कशी देत नाहीत ते मला माहीत आहे. ती टीव्हीचा आवाज कमी ठेवतात. तुमचा कॉल चालू असला की खोकला दाबतात. चहा हवा असतो पण तुमच्या दाराची फट बघून परत जातात. म्हणजे त्या फ्लॅटमध्ये दिवसाचे आठ-नऊ तास दोन पुरुष आहेत, मधे एक भिंत आहे, आणि दोघांनाही बोलायला माणूस नाही. त्यातला एक भाजीवाल्याकडे जातो. दुसरा कुठे जातो, तुम्ही कधी विचारलंय?

पार्सलं त्यांच्या हवाली करा. मी चेष्टा करत नाही. दारात एक टेबल, एक वही, कोणत्या फ्लॅटचं काय आलं त्याची नोंद त्यांच्या हातची. कुरियरवाला आला की बेल त्यांच्या खोलीत वाजेल अशी वायर फिरवून घ्या, त्या सतत येणाऱ्या प्लंबरचा एकदा तरी उपयोग होऊ दे, इलेक्ट्रिशियनला तो ओळखत असेल. पाच ते सहा लोक पार्सल न्यायला येतील, वडिलांशी दोन शब्द बोलतील. ७४ व्या वर्षी अकरा फ्लॅटची खबर असणं ही लहान गोष्ट नाही. अर्थात आधी त्यांना विचारा. नको म्हणाले तर पार्सलं वॉचमनकडे, विषय संपला. पण नको म्हणतील असं मला वाटत नाही. फक्त वहीत फार बारकाईनं लिहायला लागले तर टोकू नका.

साडेचारचा चहा त्यांच्याबरोबर घ्या, त्यांच्या खोलीत जाऊन. विषय सुचला नाही तर त्यांनी पहिल्या नोकरीत किती पगार घेतला ते विचारा.

आणि पाटी रंगवायला टाकायच्या आधी मजकूर मला पाठवा. ‘सायंकाळी’तला ‘यं’ लोक चुकवतात.